चांदीचं रेडकू

१

गाडी सुरू करण्याआधी मी खाली वाकतो. चाकामागे कुत्रं झोपलंय का, जमिनीवर ऑइल ठिबकलंय का, हे बघितल्याशिवाय मी गाडीला हात लावत नाही. मग बॉनेट उघडून ऑइलची पट्टी काढायची, पुसायची, परत घालून परत काढायची. पहिल्या वेळी दिसतं त्यावर विश्वास ठेवायचा नसतो. पाणी बघायचं ते इंजिन थंड असतानाच. सीटवर बसलं की हँडब्रेक ओढलेला आहे ना ते हातानं तपासायचं, गिअर न्यूट्रलला आहे का ते हलवून बघायचं आणि तरीही क्लच दाबूनच सेल मारायचा. इंजिनाचा आवाज एकसारखा होईपर्यंत निघायचं नाही.

हे मला कुणी शिकवलेलं नाही. मी सातवीपर्यंत शिकलो. जीपबरोबर आलेलं इंग्रजी पुस्तक शब्दकोश घेऊन वर्षभर वाचलं, आणि रोज संध्याकाळी दिवसभराची हकीगत लिहायची सवय लावून घेतली, त्यातून हे अंगात मुरलं.

१९९७ साली मी शिनोलीच्या एका दूध संस्थेची जीप चालवत होतो. जुनी डिझेल गाडी, वर ताडपत्री, बाजूला दरवाजे नाहीत. पण चारही चाकांना जोर घेणारी, म्हणून डोंगरातल्या वस्त्यांवरचं दूध आणायला तीच. शेवटची वस्ती म्हणजे वरची वाडी. तिथे रस्ता असा नव्हताच. चढाच्या पायथ्याला थांबायचं, फोर व्हीलचा दांडा टाकायचा, लो गिअर घ्यायचा आणि मध्ये कुठेही गिअर न बदलता वर जायचं.

वर झुंबरबाईचं घर. घरात ती, तिचा मुलगा सूरज, सून आरती आणि आरतीची तान्ही मुलगी श्रेया. बाळंतपणानंतर आरतीला ताप धरला आणि तिचं दूध आटलं. डब्यातली पावडर पोरीला पचेना, पाजली की ओकायची. गाईचं दिलं, तेही बाहेर. शेवटी घरच्या म्हशीचं दूध पाणी घालून, कोमट करून चमच्यानं दिलं आणि ते मात्र पोटात राहिलं. म्हशीच्या कपाळावर पांढरा ठिपका होता, म्हणून तिचं नाव चांदी. श्रेया जगली ती चांदीवर.

पण चांदीचं रेडकू जन्मल्यावर आठवड्यातच मेलं होतं. रेडकू समोर नसेल तर म्हैस पान्हा सोडत नाही. मग आमच्याकडे करतात तेच झुंबरबाईनं केलं. रेडकाची कातडी काढून, वाळवून, आत भाताचा पेंढा भरून सुतळीनं शिवलं. धारेच्या वेळी त्याच्या पाठीवर मीठ चोळून ते चांदीपुढे ठेवायचं. ती चाटायची आणि दूध उतरायचं.

मी खेड्यातच वाढलो, असलं पुष्कळ पाहिलेलं. तरी त्या वस्तूची मला किळस होती. डोळ्यांच्या जागी टाके. एक पाय आखूड. चाटून चाटून पाठीचे केस गेलेले आणि खालची कातडी काळी, तुळतुळीत, सदा ओलसर. कोपरापाशी उसवलं होतं, तिथून पेंढा बाहेर यायचा. झुंबरबाई बोलता बोलता अंगठ्यानं तो आत ढकलायची.

"काय बघताय भाऊ? चावत न्हाई ते," ती म्हणायची. "तुमच्या जीपचेच नखरे लई. इथं बघा, तिथं दाबा, हे वढा. आमच्या म्हशीला नुस्तं हॅक् म्हनलं की चालती."

"तुमच्या म्हशीला हँडब्रेक नाही, झुंबरबाई."

"आन् तुमच्या जीपला दूध न्हाई!"

२

भाद्रपदातली सकाळ. धुकं होतं, जमीन शेवाळलेली. मी नेहमीच्या जागी, घराच्या वरच्या अंगाला, चढावर गाडी उभी केली होती. हँडब्रेक, पहिला गिअर, मागच्या चाकाला दगड. कॅन चढवून झाले. मी सीटवर बसलो आणि सूरजला दगड काढायला सांगितलं. क्लच दाबून सेल मारणार, तेवढ्यात खालून खट् असा आवाज आला. हँडब्रेकची तार तुटली होती.

मी पायाचा ब्रेक दाबला. चाकं थांबली, पण गाडी थांबली नाही. थांबलेली चाकं घेऊनच ती चिखलावरून मागे घसरू लागली, हळूहळू. मागे झुंबरबाईचं अंगण. अंगणात आरती पोरीला मांडीवर घेऊन बसलेली.

"दगड लाव! सूरज, दगड!"

दगड घरंगळत कुठल्या कुठे गेला होता. दगड काढून सूरज गोठ्याच्या तोंडाशी सरकला होता. त्याच्या हाताला जे लागलं ते त्यानं उचललं आणि चाकाखाली लोटलं.

गाडी त्याच्यावर अर्धी चढली आणि थांबली.

त्या वेळी एक आवाज झाला. मी तो नीट ऐकला, कारण इंजिन बंद होतं. पेंढा दबल्यावर करकरतो. हा तसा नव्हता. घशातून निघालेला, आखूड, नाकातला आवाज होता तो. गोठ्यात चांदीनं मान वर केली आणि ती हंबरली.

"वाचलो राव," सूरज म्हणाला. मी खाली उतरून पाहिलं. चाकाखाली रेडकू होतं. पोट फुटलेलं, मान मागे वळलेली.

आरती जागची हललीच नव्हती. श्रेया झोपली होती.

३

तार तात्पुरती बांधून मी खाली आलो. संस्थेच्या नळावर गाडी धुवायला घेतली. टायरच्या खाचांमध्ये चिखल होता, पेंढ्याच्या काड्या होत्या, आणि आणखी काहीतरी.

पांढरट होतं. चिखल नव्हे, शेण नव्हे. पाण्याच्या माऱ्यानं ते निघेना, म्हणून मी पेचकस घालून उकरलं. ते तुटलं नाही. साईसारखं ताणलं गेलं, तार धरून पेचकसाबरोबर आलं आणि माझ्या अंगठ्याला चिकटलं. ऊन होतं. नळाच्या गार पाण्याखाली एवढा वेळ चाक असून ते ऊन होतं. वास चिकाचा. नुकत्याच व्यालेल्या म्हशीच्या पहिल्या दुधाचा तो गोडसर, दाट वास. मला खरवस फार आवडायचा. त्या दिवसानंतर तो मी तोंडात घातलेला नाही.

संध्याकाळी लिहायला बसलो तेव्हा मी विचार केला. पेंढ्यात उंदीर घर करतात. आत पिल्लं असतील. चिरडली असतील. आवाजही पिल्लांचाच.

हे पटलं. नंतर आठवलं, उंदराच्या पिल्लाला रक्त असतं. रक्ताचा एक थेंब नव्हता.

हात मी राखेनं घासला, मग लिंबानं, मग रॉकेलनं. जेवताना बायको, जानकाबाई, म्हणाली, "आज शेजारी कुणाची म्हैस व्यालीय का? वास येतोय."

४

दुसऱ्या दिवशी वर गेलो तर घरात रडारड. सूरजनं कातडी परत शिवली होती, नवा पेंढा भरला होता. पण चांदीनं ते एकदा हुंगलं आणि तोंड फिरवलं. कास तटतटलेली, पण धार नाही. श्रेया रडत होती. रडणंही कसलं, चिमणीसारखा चिवचिवाट.

मी गाडी उभी केली, चाकाला दगड लावला. तोच चांदीनं दाव्याला हिसका दिला. खुंटा उपटून ती सरळ जीपकडे आली. माझ्याकडे नाही, मागच्या चाकाकडे. तिनं टायर हुंगला आणि चाटायला लागली. सावकाश, शांतपणे, डोळे अर्धे मिटून. सडांतून दूध आपोआप ठिबकायला लागलं.

"आगं बया बया!" झुंबरबाई चरवी घेऊन धावली. "गाडीला ल्योक समजली की ही!"

सूरज हसला, आरती हसली. मीसुद्धा हसलो असेन.

पण चढावर उभ्या गाडीच्या चाकाशी माणूस बसलेला मला चालत नाही. कितीही दगड लावा, नवी तार टाका. म्हणून झुंबरबाई धार काढत होती तोवर मी परत सीटवर चढलो. पाय ब्रेकवर दाबून बसून राहिलो. माझ्या पाठीमागे, हातभर अंतरावर, ती जीभ टायरवर फिरत होती. खर्र, खर्र. प्रत्येक वेळी गाडी किंचित हलायची आणि ते हलणं सीटमधून माझ्या कण्यात यायचं.

पोरगी वाटीभर दूध प्यायली आणि झोपली.

"भाऊ, रोज या हां," आरती म्हणाली. ती एरवी माझ्याशी बोलायची नाही.

५

म्हणून रोज तेच. गाडी उभी करायची, ब्रेकवर पाय ठेवून बसायचं, मागे जीभ फिरायची.

काही दिवसांनी, सकाळी वाकून चाकं बघताना मला त्या टायरवर लव दिसली. बारीक, काळी, टायरच्या कडेला. मी बोट फिरवलं. मऊ होती. ती ओली होती आणि एकाच बाजूला बसलेली, विंचरल्यासारखी.

घोडेगावच्या फिटरला, भिमाजीला, मी ते दाखवलं. त्यानं विडी बाजूला ठेवून पाहिलं.

"रखमाभाऊ, टायर झिजलाय. आतलं दोरं बाहेर आल्यात. दुसरं काय न्हाई."

"दोरे ओले कसे? गाडी शेडमध्ये असते."

"मंग शेड गळत आसंल." त्यानं माझ्याकडे पाहून डोळे मिचकावले. "का वस्तरा मारू त्याला? दाढी करून देतो गाडीची."

टायरचे दोरे बाहेर येतात हे खरं आहे. मी स्वतः पाहिले आहेत. शेडही एका कोपऱ्यात गळत होती. मी मान डोलावली आणि टायर बदलून घेतला. जुना टायर भिमाजीनं दुकानामागे टाकला. निघताना मी पाहिलं, रस्त्यावरची एक शेळी त्याच्यापाशी जाऊन उभी राहिली, तिनं तो हुंगला, आणि ती मागच्या मागे सरकली.

दुसऱ्या सकाळी मी जरा उत्साहानंच वर गेलो. चांदी आली. नव्या टायरला तिनं नाकही लावलं नाही. ती गाडीच्या कडेनं पुढे आली, दरवाजा नसलेल्या जागेतून तिनं मान आत घातली आणि माझं कोपर चाटलं.

जीभ कसली, लोखंड घासायची कानसच ती. उष्ण, ओली, लाळेनं जड. मी हात झटकला आणि ओरडलो.

"हलू नगा भाऊ!" झुंबरबाई खालून म्हणाली. ती आधीच बसली होती. चरवीत धार वाजत होती. "सोडलाय तिनं. हलू नगा, पोरीसाठी तरी."

मी हललो नाही. पाय ब्रेकवर होता, गाडी चढावर होती, म्हातारी चाकाशी बसली होती. हलण्यासारखं काही नव्हतंच. जीभ कोपरावरून दंडावर आली, दंडावरून मानेवर. लाळ कॉलरच्या आत गेली. 

पुढच्या आठवड्यात एकदा पान्हा लवकर येईना. झुंबरबाई उठली, घरात गेली आणि मुठीत काहीतरी घेऊन आली. मला न विचारता तिनं ते माझ्या मानेला आणि कोपराला चोळलं. मीठ होतं. चोळताना ती आरतीला पोरीच्या लंगोटांबद्दल काहीतरी सांगत होती. माझ्याकडे तिचं लक्षही नव्हतं.

६

कोपरावरचे केस गेले. खालची कातडी आधी लाल झाली, मग काळी, मग तुळतुळीत. मला वाटलं होतं दुखेल. दुखायचं नाही. तिथे काहीच वाटायचं नाही.

भूकही कमी झाली. जानकाबाईनं भाकरी वाढली की दोन घास खायचो. "अंगानं तर बारीक दिसत न्हाई," ती म्हणायची, "पन वजन कुठं गेलं तुमचं? खाटेवर बसलात तरी खाट वाजत न्हाई." माझे शर्ट ती वेगळे भिजवायला लागली. एकदा तिनं शर्ट काठीनं उचलून बादलीत टाकला. मी ते पाहिलं हे तिनंही पाहिलं. 

मी संस्थेच्या सेक्रेटरींना, बाजीरावांना, सांगितलं की कंबर धरली आहे, वरच्या वाडीला दुसरा ड्रायव्हर पाठवा. त्यांनी आदेशला पाठवलं. पोरगा चांगला होता. मी त्याला सगळं समजावलं. दांडा टाकायचा तो गाडी थांबलेली असताना. उतारावर न्यूट्रल करायचं नाही, क्लच दाबून गाडी सोडायची नाही, इंजिनालाच गाडी धरू द्यायची. चाकाला दगड लावल्याशिवाय उतरायचं नाही.

"आणि म्हशीचं काय, भाऊ?" त्यानं हसत विचारलं. सूरजकडून त्याला कळलं असावं.

"काही नाही. बसून राहायचं."

तीनेक दिवसांनी, भर दुपारी, सूरज डोंगर उतरून चालत माझ्या घरी आला. दारातच बसला. पाणी दिलं ते त्यानं हातात धरून ठेवलं.

"भाऊ, चांदीनं आदेशला शिंग मारलं. लागलं न्हाई. पन धार न्हाई ती न्हाईच. मंचरच्या दवाखान्यात नेलं व्हतं पोरीला, सलाईन लावली. नळी काढली की परत तेच. काल दुपारपास्नं ती रडतच न्हाई. नुस्ती बघत ऱ्हाती." त्यानं पाणी न पिताच खाली ठेवलं. "आई म्हनली, रखमाभाऊंना म्हनावं, तुमचं काय जातंय? नुस्तं बसायचं तर हाय."

 जानकाबाई आत चुलीपाशी होती. ती तिथूनच म्हणाली, "जावा."

मग जरा वेळानं, हलक्या आवाजात, "अंगावरचा शर्ट बदलू नका. परत एक खराब व्हायचा."

७

संस्थेच्या शेडमध्ये जाऊन मी खाली वाकलो. चाकं पाहिली. ऑइलची पट्टी काढली, पुसली, परत घातली, परत काढली. ऑइल बरोबर होतं. बॉनेट लावताना कोपर कडेच्या पत्र्यावर घासलं. मी हात झटकला, पण कळ आली नाही. बघितलं नाही. सूरज शेजारी बसला होता आणि तो घाई करत होता.

दुपारचं स्वच्छ ऊन होतं. डिंभ्याच्या धरणाचं पाणी खाली चकाकत होतं. पायथ्याला थांबून मी दांडा टाकला, लो गिअर घेतला. गाडी तक्रार न करता वर चढली. वजन कमी असल्यासारखी चढली. मागे कॅन नव्हते, म्हणून असेल.

चांदी वाट बघत होती. मी गाडी उभी केली, सूरजनं दगड लावला, झुंबरबाई चरवी घेऊन बसली. आरती दारात होती. तिच्या हातातल्या दुपट्यात काही हालचाल नव्हती.

मी ब्रेकवर पाय दाबला आणि मान थोडी पुढे केली. कुणी सांगितलं नव्हतं.

जीभ मानेवरून फिरली. कानामागून, टाळूवरून, परत मानेवर. मी किळसेची वाट पाहिली. ती रोज यायची, पोटातून वर, घशाशी. त्या दिवशी पोटातून काही वर आलं नाही. पोटात काही असल्यासारखंच वाटलं नाही. माझे डोळे मिटले. आणि माझ्या घशातून एक आवाज निघाला, आखूड, नाकातला.

तो मी एकदा ऐकला होता. इंजिन बंद असताना, चाकाखालून.

चरवीत धार वाजायला लागली. चांदी हंबरली, अगदी माझ्या कानात.

आरतीनं चमचा पोरीच्या ओठाला लावला. पहिला ओघळला. दुसरा राहिला. तिसऱ्याला ओठ हलले. झुंबरबाई उठून माझ्या बाजूला आली. तिच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ती हसत होती.

"प्याली गं बाई, प्याली! बघा भाऊ, कशी चुटूचुटू प्याली."

बोलता बोलता तिचा हात माझ्या कोपरापाशी आला. तिथे, पत्र्यावर घासलं होतं त्या फटीतून, काहीतरी पिवळं, वाळलेलं बाहेर आलं होतं. तिनं खाली पाहिलंही नाही. अंगठ्यानं ते आत ढकललं, वरून कातडी दाबून बसवली, आणि पदराला हात पुसला.

"उद्या येळेवर या," ती म्हणाली.

मी हँडब्रेक तपासला. गिअर न्यूट्रलला आहे का ते हलवून पाहिलं. क्लच दाबला, सेल मारला, आणि इंजिनाचा आवाज एकसारखा होईपर्यंत थांबलो. मान ओली होती. ती मी पुसली नाही.